सणासुदीसाठी लक्झरी आयशॅडो पॅलेट निवडताना: आधी मॅट रंग मोजा

सणासुदीचे दिवस जवळ आले की मोठ्या ब्रँडची खास पॅलेट्स बाजारात यायला लागतात. सोनेरी नक्षीची डबी, झाकणात आरसा, आतल्या रंगांवर ताऱ्यांचा नाहीतर वेलबुट्टीचा ठसा. पहिल्यांदाच महागडं पॅलेट घेणाऱ्याची नजर अशा डबीवर खिळणारच. माझीही खिळली होती. माझ्या पहिल्या लक्झरी पॅलेटमध्ये सहा रंग होते आणि सहाच्या सहा चमकणारे. दुकानात हातावर लावून पाहिले तेव्हा एकेक रंग सुरेख दिसला. घरी येऊन डोळ्यांना लावले तेव्हा सगळ्यांचा मिळून एकच चकचकीत पट्टा झाला. कुठला रंग कुठे संपला आणि दुसरा कुठून सुरू झाला ते कळेना. डोळ्याच्या खोबणीला सावली देईल असा एकही रंग त्यात नव्हता, त्यामुळे दर वेळी एका जुन्या, साध्या डबीतला तपकिरी रंग मदतीला घ्यावा लागायचा.

तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली. पॅलेट उघडलं की आधी त्यातले मॅट, म्हणजे अजिबात न चमकणारे रंग मोजायचे. एखादं पॅलेट किती वेगवेगळ्या प्रसंगांना चालेल हे या रंगांवर ठरतं. चमकदार रंग त्यांच्यावर चढवायचा साज आहे. पुढच्या पायऱ्या याच हिशोबाने लिहिल्या आहेत.

पायरी १: दुकानात जाण्याआधी यादी करा

येत्या दोन महिन्यांत तुम्ही कुठे कुठे जाणार आहात ते कागदावर लिहून काढा. दिवसाचा समारंभ, संध्याकाळची पार्टी, ऑफिसचं स्नेहसंमेलन, घरच्यांबरोबरचं जेवण, फोटो काढायचा एखादा खास दिवस. त्याखाली तुमचा नेहमीचा कामाचा दिवसही लिहा. सगळ्याला पुरून उरेल असं पॅलेट हवं असेल तर यादीतल्या निम्म्याहून जास्त ओळींना ते लागू पडायला हवं. फक्त एका रात्रीसाठी झगमगाट हवा असेल तर चमकदार रंगाची एक सुटी डबी पुरते, अख्खं पॅलेट कशाला घ्यायचं?

मग घरातला मेकअपचा खण उघडा. ज्या रंगाच्या पॅनचा, म्हणजे रंग भरलेल्या छोट्या वाटीचा, पत्र्याचा तळ दिसायला लागलाय तो रंग तुमचा. ज्याच्यावरचा कंपनीचा ठसाही अजून पुसलेला नाही तो तुमचा नाही, मग तो कितीही देखणा असो. नवीन पॅलेटमध्ये पहिल्या प्रकारचे रंग किमान अर्धे हवेत. नव्या हौसेचे एक-दोन रंग त्यांच्या आधाराने आपोआप वापरले जातात.

पायरी २: स्वतःची पापणी नीट बघा

ही पायरी बहुतेकजण गाळतात आणि पुढे पस्तावतात. सकाळी तोंड धुऊन, काहीही न लावता, खिडकीजवळ आरसा घेऊन बसा. पापणीची कातडी शरीरातली सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची असते. त्यामुळे खालच्या रक्तवाहिन्यांची छटा वर दिसते आणि पापणीचा रंग गालाच्या रंगापेक्षा वेगळा असतो. कुणाची पापणी निळसर, कुणाची तांबूस, कुणाची चांगलीच गडद तपकिरी. आयशॅडो या रंगावर बसणार आहे, मनगटाच्या रंगावर नाही.

आता पॅलेटमधला सगळ्यात कामाचा रंग ओळखायचा. मेकअप करणारे त्याला ट्रान्झिशन शेड म्हणतात. खोबणीत पसरवला की उरलेले रंग एकमेकांत मिसळायला मदत करणारा हा मॅट रंग. तो तुमच्या त्वचेपेक्षा एक-दोन छटा गडद हवा. गोऱ्या त्वचेवर हे काम बदामी किंवा फिकट मातकट रंग करतो. गव्हाळ त्वचेवर विटकरी किंवा मधासारखा तपकिरी. सावळ्या आणि त्याहून गडद त्वचेवर भाजलेल्या विटेचा लालसर तपकिरी, चॉकलेटी, नाहीतर वांगी. पुष्कळ पॅलेट्समध्ये ‘सगळ्यांना चालणारा’ म्हणून दिलेला फिकट बदामी रंग गडद त्वचेवर राख फासल्यासारखा दिसतो. फिकट छटा आणण्यासाठी त्यात पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड भरपूर घातलेलं असतं, हे त्याचं कारण. तुमची त्वचा गडद असेल तर असा रंग मोजणीत धरूच नका. असे दोन रंग असतील तर दहा रंगांचं पॅलेट तुमच्यापुरतं आठ रंगांचं आहे असं समजा आणि मग ते घेण्याजोगं आहे का ते ठरवा.

रंगाची ऊबही बघा. काही तपकिरी रंग पिवळसर-तांबूस असतात, काही राखाडीकडे झुकणारे. आतापर्यंत ज्या तपकिरी लिपस्टिकने तुमचा चेहरा उजळला तिच्या जातीचा तपकिरी डोळ्यांनाही चालतो. जिने चेहरा थकलेला दिसला त्या जातीचा टाळा. ऊब ओळखायला हातावरच्या शिरा निळ्या की हिरव्या ते बघण्यापेक्षा मला ही खूण जास्त भरवशाची वाटते.

बुबुळांच्या रंगाचं थोडक्यात सांगते. निळे डोळे तांब्याच्या आणि विटकरी रंगाने खुलतात, हिरवे जांभळट आणि डाळिंबी रंगाने. काळ्या-तपकिरी डोळ्यांना जवळपास काहीही चालतं, म्हणून त्यांनी त्वचेच्या रंगाकडे जास्त लक्ष द्यावं.

डोळ्यांचा आकार मात्र खरेदीवर मोठा परिणाम करतो. डोळे उघडल्यावर पापणीचा वरचा भाग घडीखाली झाकला जात असेल तर पापणीवरची चमक दिसते ती फक्त डोळे मिटल्यावर. अशा डोळ्यांना घडीच्या जरा वर मॅट रंगाने सावली द्यावी लागते. तिथे शिमर, म्हणजे चमकदार रंग, लावला तर घडी सुजल्यासारखी दिसते. तुमचे डोळे असे असतील तर मॅट रंग जास्त असलेलंच पॅलेट घ्या, यात तडजोड नको.

पायरी ३: पॅलेटची मांडणी वाचायला शिका

प्रत्येक रंगाला डोळ्यावर एक जागा असते. शार्लट टिलबरी या ब्रँडच्या चार रंगांच्या लक्झरी पॅलेटमध्ये ही कामं चार शब्दांत वाटून दिली आहेत: प्राइम, एन्हान्स, स्मोक आणि पॉप. पहिला पूर्ण पापणीवरचा फिकट रंग, दुसरा आकार देणारा मधला, तिसरा पापण्यांच्या केसांजवळचा आणि बाहेरच्या कोपऱ्यातला गडद, चौथा मधोमध ठिपक्यासारखा लावायचा चमकदार. नवशिक्याने कुठलंही पॅलेट हातात घेतलं तरी हेच चार प्रश्न विचारावेत. फिकट कोणता? मधला कोणता? गडद कोणता? चमक कुठली? एकाचंही उत्तर मिळालं नाही तर ते काम दुसऱ्या डबीतून करावं लागणार.

चार-पाच रंगांच्या छोट्या पॅलेटमध्ये किमान दोन रंग मॅट हवेत, एक मधला आणि एक गडद. नऊ ते बारा रंगांच्या मोठ्या पॅलेटमध्ये चार तरी हवेत: त्वचेच्या रंगाजवळचा, मधला, त्याहून गडद आणि काळ्याच्या जवळ जाणारा. मॅट रंगांची किंमत वापरणाऱ्यांना कशी कळत गेली याचं उदाहरण अर्बन डीकेच्या नेकेड पॅलेटमध्ये दिसतं. ते २०१० साली आलं. तपकिरी, सोनेरी, राखाडी असे १२ रंग होते आणि ते प्रचंड गाजलं. पण त्यात धड मॅट रंग दोनच. पुढे त्याच कंपनीने नेकेड बेसिक्स नावाचं सहा रंगांचं छोटं पॅलेट काढलं, त्यातले पाच मॅट. मूळ नेकेड २०१८ साली बंद झालं.

आता माझी सगळ्यात आवडती युक्ती. पॅलेटचा फोटो काढा आणि मोबाइलमध्ये तो कृष्णधवल करा. रंग निघून गेले की उरतो फक्त गडदपणा. चांगल्या पॅलेटमध्ये फिकट राखाडीपासून जवळजवळ काळ्यापर्यंत पायऱ्या दिसतात. पुष्कळ सुंदर पॅलेट्स या फोटोत सपाट होतात: गुलाबी, पीच, सोनेरी, तांबूस, सगळे एकाच राखाडी छटेचे. अशा पॅलेटने केलेला मेकअप दर वेळी सारखाच दिसतो, कारण डोळ्याला आकार मिळतो तो उजेड-सावलीच्या फरकातून. ही चाचणी ऑनलाइन फोटोवरही करता येते.

मग ‘पूर्ण डोळे’ मोजा. म्हणजे फक्त या एका पॅलेटमधून, दुसऱ्या कशाचीही मदत न घेता, किती वेगवेगळे मेकअप होतील ते. समजा दहा रंग आहेत: बदामी, विटकरी, चॉकलेटी आणि काळपट वांगी हे मॅट, दबक्या झळाळीचा मोतिया सॅटिन, शॅम्पेन, तांबं, जुनं सोनं आणि डाळिंबी हे शिमर, आणि एक मोरपंखी, जो हलवला की तपकिरी दिसतो. प्रत्येक चमकदार रंगासमोर त्याला सोबत करणारे दोन मॅट रंग लिहा. तांब्याला विटकरी आणि चॉकलेटी. डाळिंबीला विटकरी आणि वांगी. मोरपंखीला चॉकलेटी आणि वांगी. मोतियाला बदामी आणि चॉकलेटी, हा झाला ऑफिसचा डोळा. सगळ्या रंगांना जोड मिळते, म्हणून हे पॅलेट पैसे वसूल करणारं. आता यातला विटकरी आणि वांगी काढून त्या जागी आणखी दोन सोनेरी रंग टाकून बघा. डबी जास्त झगमगीत दिसेल, पण डाळिंबी आणि मोरपंखी एकाकी पडतील.

मोरपंखी, शेवाळी, गर्द निळा असा एखादा धाडसी रंग पॅलेटमध्ये असावा का? मला तर हवाच वाटतो, अट एवढीच की त्याला शेजारी दोन मॅट सोबती असावेत. सणाच्या दिवसांत माणूस एरवी करत नाही ते करून बघतो, आणि पापण्यांच्या केसांजवळ ओल्या बारीक ब्रशने ओढलेली मोरपंखी रेघ नवशिक्यालाही सहज जमते.

पायरी ४: चमकेचे प्रकार

सॅटिन म्हणजे रेशमासारखी दबकी झळाळी. शिमर त्याहून स्पष्ट. मेटॅलिक म्हणजे पत्र्यासारखी सलग चमक. ड्युओक्रोम कोन बदलला की दुसरा रंग दाखवतो. ग्लिटरमध्ये सुटे कण वेगवेगळे दिसतात.

या चमकेचा पाया बहुतेक वेळा अभ्रक असतं. अभ्रकाच्या पातळ पापुद्र्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर चढवतात. थराची जाडी बदलली की परावर्तित होणारा रंग बदलतो, पांढरट मोतिया, सोनेरी, लालसर, निळा, हिरवा असा. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात तसंच हे. लोहाच्या ऑक्साइडचा थर दिला की कांस्य आणि तांब्याच्या छटा मिळतात. हल्ली पुष्कळ कंपन्या कृत्रिम अभ्रक वापरतात. घटकांच्या यादीत ते सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट या नावाने असतं. त्याची चमक जास्त स्वच्छ, पांढरी पडते. हिऱ्यासारखे टोकदार चमकणारे कण बऱ्याचदा बोरोसिलिकेट काचेचे पातळ पापुद्रे असतात, आणि साधं ग्लिटर बहुधा प्लास्टिकचं.

निवडीसाठी एवढं पुरे: कण जितके बारीक तितका रंग जास्त ठिकाणी चालतो. पापणीवर बारीक सुरकुत्या असतील तर मोठे कण त्यांत बसून त्या उठून दिसतात, तिथे सॅटिन शोभतं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी सुट्या ग्लिटरच्या वाटेला जाऊ नये. कण लेन्सखाली गेला की डोळा चुरचुरतो आणि बुबुळावर ओरखडाही येऊ शकतो. लेन्स मेकअपच्या आधी, हात धुऊन घालाव्यात.

पायरी ५: डबीची मागची बाजू

वजन बघा आणि रंगांच्या संख्येने भागा. शार्लट टिलबरीचं चार रंगांचं पॅलेट ५.२ ग्रॅमचं, म्हणजे रंगागणिक १.३ ग्रॅम. शॅनेलच्या ‘ले कात्र ओम्ब्र’मध्ये चार रंग मिळून साधारण २ ग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम. यावरून लगेच एकाला चांगलं आणि दुसऱ्याला वाईट ठरवू नका. शॅनेलची पूड भाजून घट्ट केलेली, हलकी असते, आणि आयशॅडो एका वेळी अगदी थोडं लागतं. पण दोन पॅलेट्समध्ये मन अडकलं असेल तर हा भागाकार कामाला येतो. सणाच्या आवृत्त्यांत नेहमीच्या पॅलेटपेक्षा पॅन लहान असल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय.

उघड्या बरणीचं चित्र आणि त्यावर १२, २४ किंवा ३६ असा आकडा दिसला तर उघडल्यापासून तितके महिने ते वापरायचं. बारा रंगांचं पॅलेट २४ महिन्यांत संपणार नाही, हे घेतानाच लक्षात असू द्या.

घटकांच्या यादीत ‘सीआय’ आणि पाच आकडे असतात, ते रंगद्रव्यांचे क्रमांक. ७७४९१, ७७४९२ आणि ७७४९९ म्हणजे लोहाची ऑक्साइड, तपकिरी-विटकरी कुळाचा कणा. ७७८९१ म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. ७५४७० म्हणजे कार्माइन, कोचिनील किड्यांपासून काढलेला लाल रंग. डाळिंबी, गुलाबी आणि जांभळ्या छटांत तो बरेचदा असतो. प्राणिज घटक टाळणाऱ्यांनी हा आकडा पाठ करून ठेवावा. टाल्क म्हणजे आपलं संगजिरं.

काही भडक गुलाबी, लाल, जांभळ्या रंगांना कंपन्या आयशॅडो न म्हणता ‘प्रेस्ड पिगमेंट’ म्हणतात. अमेरिकेत डोळ्यांभोवती वापरायच्या रंगद्रव्यांना वेगळी मान्यता लागते आणि काही द्रव्यांना ती नाही, म्हणून हे नाव. अशा रंगाजवळ ‘डोळ्यांच्या आसपास वापरू नये’ अशी सूचना असते. त्यांचे डाग पापणीवर दिवसभर राहू शकतात. पहिल्या पॅलेटमध्ये असे रंग नकोतच असं माझं स्पष्ट मत आहे. डोळे नाजूक असतील तर यादीत सुगंध आहे का तेही बघा, काही लक्झरी आयशॅडोंना वास असतो.

पायरी ६: दुकानातली चाचणी

टेस्टर, म्हणजे दुकानात लावून बघायला ठेवलेला नमुना, थेट डोळ्याला लावायचा नाही. कितीही आग्रह झाला तरी नाही. शेकडो हात त्याला लागलेले असतात आणि त्यातून डोळे येऊ शकतात. हाताच्या आतल्या बाजूवर, कोपराच्या जरा खाली चाचणी करा. तिथे आधी क्रीम नसावं.

बहुतेकजण बोटाने चमकदार रंग लावून बघतात आणि तिथेच फसतात. बोटावर ऊब असते, थोडं तेल असतं, त्यामुळे जवळपास कुठलाही शिमर बोटाने सुंदर दिसतो. म्हणून चाचणी उलट्या क्रमाने करायची. सगळ्यात आधी पॅलेटमधला सगळ्यात गडद मॅट रंग, कारण चांगला बनवायला तोच अवघड. दुकानातला स्वच्छ, फुलवलेला ब्रश मागून घ्या, तो रंगाला एकदाच हलका टेकवा, झटका आणि हातावर गोल गोल फिरवा, पाच-सहा वेळा. मग वाकून जवळून बघा. चांगला रंग कडेकडे विरत जातो, धुरासारखा, आणि तो नेमका कुठे संपला ते बोट ठेवून दाखवता येत नाही. कच्चा रंग पहिल्यांदा टेकला तिथे काळा ठिपका होऊन बसतो आणि पुढे फिरवलं की मधूनच टक्कल पडल्यासारखी उघडी त्वचा दिसते. त्यावर दुसरा थर द्या. चांगला रंग अजून गडद होतो. कच्चा रंग पहिला थरही उचलून नेतो. ब्रश टेकवल्यावर पॅनमध्ये थोडी पूड उडणं हा दोष नाही, मऊ पूड थोडी उडतेच. पण हाताखाली ठेवलेल्या पांढऱ्या कागदावर भुरभुर पडली तर ती उद्या तुमच्या गालावर पडणार.

याच्या शेजारी मधला मॅट रंग लावा आणि दोघांची सीमा ब्रशने पुसट करा. दोन रंगांमधून तिसरी छटा तयार व्हायला हवी. तिथे चिखल झाला तर ते रंग एकमेकांना धार्जिणे नाहीत.

शिमरची पाळी यानंतर. आधी बोटाने, मग कोरड्या ब्रशने. दोन्हींत फार तफावत असेल तर घरी बोटच वापरावं लागेल. त्यात वाईट काही नाही, मीही कितीतरी शिमर बोटानेच लावते. पण घेताना ते ठाऊक असावं.

आता लगेच पैसे देऊ नका. हात तसाच ठेवून अर्धा तास बाहेर फिरून या. दुकानातले पिवळसर दिवे तांबं आणि सोनं खुलवतात. उन्हात तोच रंग नारिंगी दिसू शकतो. एक फोटो उन्हात काढा, एक सावलीत फ्लॅश लावून. पार्टीचे फोटो फ्लॅशमध्येच निघतात आणि काही शिमर फ्लॅशमध्ये पांढरे फटफटीत होतात. परत येताना कडा बघा, विरलेल्या कडा अजून तशाच आहेत का.

पायरी ७: ऑनलाइन घेत असाल तर

कंपनीच्या फोटोवर ठरवू नका. तुमच्यासारख्या त्वचेच्या दोन-तीन जणांनी डोळ्यावर लावून दाखवलेला व्हिडिओ शोधा. हातावरच्या पट्ट्या नकोत, डोळा हवा. व्हिडिओत ती व्यक्ती मध्येच दुसऱ्या पॅलेटला हात लावते का हे टक लावून बघा. लावत असेल तर ती बोलत नसली तरी पॅलेटमध्ये काहीतरी कमी आहे. परत करण्याचे नियम आधी वाचा, कारण उघडलेलं सौंदर्यप्रसाधन बरेच विक्रेते परत घेत नाहीत.

पायरी ८: लिमिटेड एडिशन की नेहमीचं?

लक्झरी पॅलेटच्या किमतीत डबी, नाव आणि जाहिरात धरलेली असते हे सगळ्यांना माहीत असतं. पण चांगल्या घराण्याच्या पॅलेटमध्ये पुडीचा पोतही खरोखर वेगळा असतो. ती बारीक दळलेली असते, पापणीवर कोरडी पडत नाही, थोड्या श्रमात विरते. हात न बसलेल्या माणसाला याचा फायदा जास्त होतो. म्हणून नवशिक्याने महागडं घेऊ नये हा सल्ला मला पटत नाही. त्याने छोटं घ्यावं, चार-पाच रंगांचं, हे मात्र पटतं. पॅट मॅक्ग्राथ या ब्रँडचं मदरशिप कुळातलं दहा रंगांचं मोठं पॅलेट हातात घेतलं की मोह होतो. पण कोणते रंग आपण खरंच वापरतो हे कळायला एक वर्ष छोट्या पॅलेटबरोबर काढावं.

सणाची आवृत्ती घेताना विक्रेत्याला एक प्रश्न नक्की विचारा: यातले रंग तुमच्या कायमच्या पॅलेटमध्ये आहेत का? कधीकधी तेच किंवा अगदी तसेच रंग साध्या डबीत वर्षभर मिळतात, आणि आवडता रंग संपला तर पुन्हा आणता येतात. लिमिटेड एडिशनमधला रंग संपला की संपला. डबीचा ठसा, नक्षी यांचं प्रेम असेल तर जरूर घ्या, सुंदर वस्तूवर प्रेम करण्यात काही गैर नाही. फक्त ‘शेवटचे दोन नग’ ऐकून घाईने घेऊ नका.

पायरी ९: घरी आणल्यावर

समारंभाच्या किमान आठवडाभर आधी पॅलेट घरात असू द्या. पहिल्याच दिवशी एका संध्याकाळी बसून त्याच्यातून तीन डोळे करून बघा.

पहिला, दिवसाचा: पापणीवर प्राइमरचा, म्हणजे रंग टिकवणाऱ्या पायाचा, पातळ थर, खोबणीत मधला मॅट, पापणीवर सॅटिन. तीन मिनिटांत व्हायला हवा.

दुसरा, संध्याकाळचा. त्याच डोळ्यावर, काहीही न पुसता, बाहेरच्या कोपऱ्यात गडद मॅट लहान ब्रशने दाबून बसवा आणि मोठ्या ब्रशने त्याची कड विरवा. मग अनामिकेने शिमर पापणीच्या मधोमध, नेमका बुबुळाच्या वर, थापा. बोट घासू नका, नुसतं टेकवत जा. डोळे उघडमीट केले की मधला भाग उजळतो आणि कोपरा आत जातो. ऑफिसमधून थेट पार्टीला जायचं असेल तेव्हा हेच करायचं आहे, म्हणून हाताला सवय हवी.

तिसरा, रात्रीचा: सगळ्यात गडद रंग ओल्या बारीक ब्रशने पापण्यांच्या केसांच्या मुळाशी, आणि वर तुमचा धाडसी रंग.

तिन्ही डोळ्यांचे फोटो एकमेकांशेजारी ठेवा. त्यांत फरक ठळक दिसत असेल तर निवड जमली. शेवटचा मेकअप तीन-चार तास तसाच ठेवून पापणी खाजते का, लाल होते का ते पाहा. खाज आली तर लगेच धुऊन टाका आणि ते पॅलेट समारंभाच्या दिवशी वापरू नका.

काही आठवड्यांनी एखाद्या रंगावर कडक, तुळतुळीत थर जमून ब्रशला रंग लागेनासा होईल. बोटांचं आणि ब्रशचं तेल त्यावर बसलेलं असतं. चिकटपट्टीचा तुकडा त्यावर हलका दाबून उचला, वरचा थर पट्टीबरोबर निघतो आणि खाली मऊ पूड सापडते. दर आठवड्याला ब्रश धुतले तर हे फारसं होत नाही. प्रवासात डबीच्या आत, रंगांवर, कापसाचा पातळ चौकोन ठेवून झाकण लावा. भाजलेली पूड विशेषतः ठिसूळ असते. आणि उघडल्याची तारीख एका छोट्या चिठ्ठीवर लिहून डबीच्या तळाशी चिकटवा.